पुडी बदलली, आजार तोच

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या आणि पाठोपाठ पुण्याच्या गल्ल्यांमध्ये तपकिरी भुकटीच्या पुड्या फिरू लागल्या. कुणी तिला ब्राउन शुगर म्हणायचं, मराठी वस्त्यांमध्ये तिचं नाव पडलं गर्द. अफूपासून बनवलेलं हे अशुद्ध हेरॉइन होतं. अफगाणिस्तान आणि पाकिस्तानातून पश्चिमेकडे निघालेल्या मालाला मुंबई बंदर सोयीचं होतं आणि जाता जाता त्यातला काही वाटा इथेच मुरू लागला. पहिली पुडी बहुधा मित्राच्या हातून मिळायची, कधी फुकटही. सिगारेटसारखीच काहीतरी गंमत, असं समजून मुलं ती ओढायची. काही आठवड्यांत त्यांना कळायचं की आता पुडी नसेल तर आपल्याला अंथरुणातून उठताही येत नाही.

त्या काळात घरच्यांना काही म्हणजे काही माहीत नव्हतं. दारू प्यायलेला माणूस ओळखता येतो. त्याचा वास येतो, चाल बदलते, जीभ जड होते. गर्द ओढलेला मुलगा मात्र शांत बसलेला असायचा. मुलगा गप्प झालाय, अभ्यासाचा ताण असेल, असं आईला वाटायचं. मग घरातून पैसे गायब व्हायचे, स्वयंपाकघरातली भांडी कमी व्हायची, बहिणीच्या कानातलं सापडेनासं व्हायचं. संशय मोलकरणीवर जायचा.

डॉ. अनिल अवचट यांच्या ओळखीतल्या एका कुटुंबातला मुलगा या फेऱ्यात सापडला आणि लेखक म्हणून त्यांनी या विषयात हात घातला. त्यांच्या पत्नी डॉ. सुनंदा, ज्यांना सगळे अनिता म्हणत, येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या आणि अशा मुलांवर उपचार करत होत्या. अवचट या मुलांना भेटले, त्यांच्या घरच्यांशी बोलले आणि त्यांनी गर्दवर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले. नुसती हळहळ व्यक्त करून ते थांबले नाहीत. व्यसनमुक्ती केंद्र काढा, पैशाचं आम्ही बघतो, अशी त्यांची भूमिका होती. त्यांच्या देणगीतून ऑगस्ट १९८६ मध्ये मनोरुग्णालयाच्याच आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झालं. अनिता अवचट १९९७ मध्ये गेल्या, अनिल अवचट २०२२ मध्ये. केंद्र चालू आहे, आणि तिथे दाखल झालेल्याला आजही ‘रुग्णमित्र’ म्हणतात.

या संबोधनातला रुग्ण हा भाग समाजाला पटायला सगळ्यात जड गेला आहे. व्यसन म्हणजे वाईट संगत, वाईट वळण, कमकुवत मन, फार तर आईबापांचं दुर्लक्ष, असंच अजूनही बहुतेकांना वाटतं. संगतीचा भाग असतोच. पण एका टप्प्यानंतर जे चालू राहतं ते शरीरात चालू राहतं, आणि ते समजून घेतलं नाही तर घरचे वर्षानुवर्षं चुकीच्या ठिकाणी जोर लावत बसतात.

गर्दचंच उदाहरण घेऊ. आपल्या मेंदूत वेदना शमवणारी, मनाला स्वस्थता देणारी काही रसायनं नैसर्गिकरीत्या तयार होतात. अफूपासून काढलेली द्रव्यं नेमकी त्याच जागी जाऊन बसतात, पण कितीतरी जास्त ताकदीने. बाहेरून एवढा पुरवठा होतोय म्हटल्यावर शरीर स्वतःची व्यवस्था आवरती घेतं. त्यामुळे तेवढ्याच पुडीने पूर्वीसारखं वाटेनासं होतं, मात्रा वाढवावी लागते. त्याच वेळी आनंद आणि प्रेरणेशी निगडित असलेलं डोपामाइन नावाचं रसायन मेंदूला एक धडा पक्का शिकवत असतं: हे महत्त्वाचं आहे, हे पुन्हा मिळव. भूक लागल्यावर जेवण शोधायला लावणारी जी यंत्रणा आहे, तीच आता पुडी शोधायला लावते. थांब, परिणामांचा विचार कर, असं सांगणारा मेंदूचा पुढचा भाग माणसाच्या विशीच्या मध्यापर्यंत घडतच असतो. पंधरा-सोळाव्या वर्षी सुरू झालेलं व्यसन अधिक घट्ट बसतं, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

पुडी बंद झाली की सहा ते बारा तासांत शरीर हिशेब मागायला लागतं. गर्दुल्ले याला ‘टर्की’ म्हणतात. सुरुवात साधी असते. जांभया येतात, नाक वाहतं, डोळ्यांतून पाणी येतं, जणू सर्दी झाली आहे. मग अंगावर काटा उभा राहतो, घाम फुटतो आणि थंडीही वाजते. पोटात कळा, उलट्या, जुलाब सुरू होतात. हाडं आतून पिळल्यासारखी दुखतात, पाय आपोआप झटकले जातात, कुठल्याच कुशीवर पडवत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे सगळं टोकाला जातं. झोप तर त्यानंतरही कित्येक दिवस येत नाही. आणि एवढ्या सगळ्या यातना एका पुडीने काही मिनिटांत थांबतात, हे त्या मुलाला पक्कं माहीत असतं. आईच्या पाया पडून शपथ घेतलेला मुलगा रात्री तिच्याच पाकिटात हात घालतो, तेव्हा सकाळची शपथही खरी असते.

अफूजन्य पदार्थांची टर्की भयानक असली तरी धडधाकट माणसाचा जीव सहसा घेत नाही. धोका नंतर असतो. दोन-तीन आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती कमी झालेली असते. अशा वेळी मोह होऊन कुणी जुन्याच मात्रेत नशा केली तर श्वास मंदावत जाऊन थांबू शकतो. तुरुंगातून किंवा उपचारकेंद्रातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही आठवडे म्हणूनच सर्वांत जोखमीचे मानले जातात. नॅलोक्सोन हे औषध वेळेवर दिलं तर असा माणूस वाचतो.

दारूचं मात्र उलट आहे, आणि ही माहिती प्रत्येक घरात असायला हवी. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू घरात कोंडून अचानक बंद केली तर एक-दोन दिवसांत त्याला फिट येऊ शकते. त्यापुढच्या दोन दिवसांत तो भ्रमिष्ट होऊ शकतो. नसलेले किडे अंगावरून झटकतो, नसलेल्या माणसांशी बोलतो, ताप चढतो, हृदयाची गती बिघडते. ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ नावाची ही अवस्था उपचारांविना प्राणघातक ठरू शकते. गावाकडे अशा माणसाला ‘लागीर झालं’ म्हणून देवऋष्याकडे नेल्याची उदाहरणं डॉक्टरांना नवी नाहीत. डॉक्टरांच्या देखरेखीखाली योग्य औषधं आणि बी-१ जीवनसत्त्व देऊन हीच अवस्था बहुतेकदा टाळता येते. खोलीत कोंडणं हा कडक शिस्तीचा नाही, जिवाशी खेळण्याचा प्रकार आहे.

गर्द अजून संपलेलं नाही, पण गेल्या दशकात महाराष्ट्रातल्या तरुणांच्या तोंडी नाव आहे ते एमडीचं. मेफेड्रोन, म्याव म्याव, अशीही त्याची नावं. हे रसायन पहिल्यांदा १९२९ मध्ये तयार केलं गेलं आणि पुढे जवळजवळ विसरलं गेलं. २००३च्या सुमारास इंटरनेटवरून त्याची कृती पुन्हा फिरू लागली. ब्रिटनमध्ये ते काही वर्षं उघडपणे विकलं जात होतं. एप्रिल २०१० मध्ये तिथे बंदी आली. भारतात ते अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आलं फेब्रुवारी २०१५ मध्ये. तोवर मुंबईच्या कॉलेजांभोवती त्याने पाय रोवले होते. बंदी नसल्यामुळे पकडलं तरी कठोर कलम लावता येत नव्हतं, आणि विकणाऱ्यांना हे ठाऊक होतं.

गर्दला अफूचं शेत लागतं, सीमा ओलांडावी लागते. एमडीला लागतात रसायनं, एखादी शेड आणि ते बनवण्याचं ज्ञान असलेला माणूस. औद्योगिक वसाहतींनी भरलेल्या महाराष्ट्रात या तिन्ही गोष्टी जवळ आहेत. सप्टेंबर २०२३च्या अखेरीस पुण्याच्या ससून रुग्णालयाबाहेर सुमारे दोन कोटी रुपयांचं एमडी पकडलं गेलं. धागा पोचला रुग्णालयात उपचारांसाठी दाखल असलेल्या एका कैद्यापर्यंत. दोन दिवसांनी तो पळून गेला, आणि याच प्रकरणाशी जोडलेला नाशिकजवळचा एमडीचा कारखाना मुंबई पोलिसांनी उघडकीला आणला. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यावर छापा घातला. पुणे, कुरकुंभ आणि दिल्ली मिळून दीड हजार किलोपेक्षा जास्त एमडी हाती लागलं; पोलिसांनी त्याची किंमत साडेतीन हजार कोटींच्या वर सांगितली. २०२५ मध्ये तुळजापुरातलं एमडी विक्रीचं प्रकरण गाजलं आणि हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या पबपुरता राहिलेला नाही, हे राज्याला दिसलं.

एमडी गर्दच्या उलट वागतं. ते शांत करत नाही, चेतवतं. झोप उडते, भूक मरते, बडबड वाढते, आपण काहीही करू शकतो असं वाटतं. अंमल दोन-तीन तासांचा, आणि उतरताना येणारी उदासी इतकी जड की लगेच पुन्हा घ्यावंसं वाटतं. एका बैठकीत माणूस घेतच राहतो. दोन-दोन, तीन-तीन रात्री जागून काढल्यावर संशय सुरू होतो. दाराबाहेर कुणीतरी उभं आहे, फोनमधून कुणी ऐकतंय, बायको विष घालतेय, असे भास होतात. काही महिन्यांत गाल आत जातात, कपडे ढगळ होतात. ‘याने वजन कमी होतं’ असं सांगून मुलींना पहिली पुडी दिली गेल्याचं समुपदेशकांच्या कानावर येतं. रात्रभर गाडी चालवणाऱ्याला ‘झोप येणार नाही’ म्हणून, अभ्यास करणाऱ्याला ‘डोकं चालेल’ म्हणून. ज्याला ज्याची गरज, त्याला तेच सांगून माल खपवला जातो. गर्दच्या रुग्णाला सावरायला डॉक्टरांकडे ब्युप्रेनॉर्फिन, मेथाडोनसारखी औषधं आहेत. एमडीसाठी असं पर्यायी औषध अजून नाही. लक्षणांवर उपचार, झोप, आहार, आणि पुष्कळ समुपदेशन, यावरच भिस्त ठेवावी लागते.

शहरागणिक नशा वेगळी आहे. मालेगावात ‘कुत्ता गोळी’, छत्रपती संभाजीनगरात ‘बटन’ ही नावं पोलिसांच्या आणि पत्रकारांच्या सवयीची झाली आहेत. झोपेच्या किंवा चिंतेवरच्या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकल्या जातात आणि त्या मूठभर गिळल्या जातात. कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यांचंही तेच. रेल्वे स्थानकांच्या फलाटांवर राहणारी मुलं व्हाइटनर किंवा पंक्चर काढायचं सोल्युशन रुमालावर ओतून हुंगतात. त्यांना विचारलं तर कारण मिळतं: भूक लागत नाही, थंडी वाजत नाही. ही मुलं नशेत मजा शोधत नाहीत, फलाटावरची रात्र कशीतरी काढत असतात. हुंगण्याची ही द्रव्यं दुकानात उघडपणे मिळतात, कुठल्याही छाप्यात सापडत नाहीत, आणि त्यांच्या वाफेने थेट हृदय बंद पडून मूल एका फटक्यात दगावू शकतं.

व्यसनांच्या प्रसाराबद्दल देशात विश्वासार्ह आकडे मिळाले ते सर्वोच्च न्यायालयामुळे. ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर डिसेंबर २०१६ मध्ये न्यायालयाने केंद्र सरकारला राष्ट्रीय सर्वेक्षण करायला सांगितलं. दिल्लीच्या ‘एम्स’मधल्या तज्ज्ञांनी ते केलं आणि २०१९ मध्ये अहवाल आला. १० ते ७५ वयोगटातले सुमारे १६ कोटी भारतीय दारू पितात आणि त्यातल्या जवळपास पावणेसहा कोटींना पिण्यापायी मदतीची गरज आहे, असं त्यात दिसलं. अफूजन्य पदार्थ घेणारे सव्वादोन कोटींच्या आसपास. त्यांपैकी सुमारे ७७ लाखांना मदत हवी होती. सुईने नशा करणारे साडेआठ लाख. आणि हुंगण्याची द्रव्यं हा एकच असा प्रकार निघाला ज्यात मुलांचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त होतं.

या आकड्यांमध्ये दारूचा आकडा सगळ्यांच्या डोक्यावर उभा आहे. वर्तमानपत्रात कोट्यवधींच्या एमडीचा फोटो पहिल्या पानावर येतो, ते योग्यच आहे. पण रोज संध्याकाळी देशी दारूच्या दुकानात जाणारा पंचेचाळिशीचा रंगारी, ज्याचं यकृत निकामी होत चाललंय, त्याची बातमी कधीच होत नाही. संख्येने तोच जास्त आहे.

तंबाखूला तर आपण व्यसन म्हणायलाही तयार नसतो. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले सुमारे २७ टक्के प्रौढ तंबाखू सेवन करताना आढळले. धूम्रपान करणारे त्यात जेमतेम ४ टक्के. बाकी सगळा कारभार चुना-तंबाखूचा, खर्ऱ्याचा, माव्याचा, मिश्रीचा. राज्यात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, तरी पान टपरीवर ‘आहे का?’ एवढंच विचारलं की पुडी निघते. मिश्रीची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण ती बायकांची आहे. तव्यावर काळी भाजलेली तंबाखूची भुकटी सकाळी दाताला लावायची, ही पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कोकणातल्या किती घरांत साधी दिनचर्या आहे. सासूने सुनेला लावलेली, आईने मुलीला. पहिली मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोकं चालत नाही, असं सांगणाऱ्या बाईला आपण निकोटिनची टर्की वर्णन करत आहोत याची कल्पनाही नसते. गरोदरपणातही ती सुटत नाही आणि बाळ कमी वजनाचं जन्मतं. तोंडाच्या कर्करोगात भारत जगात आघाडीवर असण्याचं मूळ याच सगळ्या तोंडात ठेवायच्या तंबाखूत आहे.

दारू किंवा इतर नशेच्या फेऱ्यात सापडलेल्या बाईची अवस्था पुरुषापेक्षा बिकट असते. नवरा पितो तेव्हा बायको त्याला घेऊन केंद्रात येते, बाहेर बाकावर बसून राहते, डबा आणते. बायको पिते तेव्हा तिला घरीच लपवलं जातं, किंवा माहेरी पाठवलं जातं. मुक्तांगणने स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग काढला तो याच कारणाने. पुरुषांच्या केंद्रात ती येऊ शकत नाही, आणि आलीच तर बोलू शकत नाही.

कुटुंब हा या आजाराचा दुसरा रुग्ण आहे. नवऱ्याने साहेबाला खोटं सांगितलं की बायकोही फोनवर तेच खोटं सांगते, कारण नोकरी गेली तर खायचं काय? मुलाची उधारी बाप फेडतो, कारण चारचौघांत अब्रू जाईल. ‘लग्न करून द्या, जबाबदारी पडली की सुधारेल’ हा सल्ला देणारे नातेवाईक तर घरोघरी असतात, आणि त्या सल्ल्याची किंमत मोजते ती कुणाची तरी भलतीच मुलगी. यातलं प्रत्येक पाऊल प्रेमापोटी उचललेलं असतं, आणि प्रत्येक पावलाने नशेचे परिणाम माणसापर्यंत पोचायचे राहून जातात. म्हणून चांगल्या केंद्रांत रुग्णाइतकाच वेळ घरच्यांसाठी ठेवतात. मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बरोबरीने कुटुंबीयांसाठी ‘अल-अनॉन’च्या सभा होतात. अशा बैठकीत पहिल्यांदा आलेली बाई बहुधा नवऱ्याबद्दल बोलते. चार-सहा बैठकांनंतर ती स्वतःच्या झोपेबद्दल, रक्तदाबाबद्दल, मुलीच्या बोलण्यात आलेल्या तोतरेपणाबद्दल बोलायला लागते. उपचार तिचाही तिथून सुरू होतो.

रुग्णाच्या उपचारात शरीर स्वच्छ करण्याचा भाग सर्वांत छोटा असतो. आठ-दहा दिवसांत टर्की उतरते, भूक लागते, चेहऱ्यावर पाणी येतं. घरच्यांना वाटतं, झाला बरा. खरं काम तिथून पुढे सुरू होतं. सकाळचा व्यायाम, ठरलेल्या वेळी जेवण, वाटून दिलेली कामं, गटचर्चा. वर्षानुवर्षं एकाच गोष्टीभोवती फिरलेल्या दिवसाला पुन्हा सांगाडा द्यावा लागतो. गटात बसून माणूस पहिल्यांदा मोठ्याने सांगतो की मुलीच्या फीचे पैसे मी उडवले. समोरचे हसत नाहीत, उपदेशही करत नाहीत, कारण त्यांनीही तसंच काहीतरी केलेलं असतं. समुपदेशकांमध्येही व्यसनातून बाहेर पडलेले बरेच जण असतात, आणि त्यांच्यासमोर थापा चालत नाहीत.

बाहेर पडल्यावर काय, हा कळीचा प्रश्न आहे. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैनिकांमध्ये हेरॉइन पसरलं होतं. समाजशास्त्रज्ञ ली रॉबिन्स यांनी १९७१ मध्ये मायदेशी परतलेल्या सैनिकांचा अभ्यास केला, तेव्हा जवळपास पाचातला एक जण तिथे हेरॉइनच्या आहारी गेलेला आढळला. पण त्यांच्यातले वर्षभरात पुन्हा आहारी गेलेले निघाले फक्त पाच टक्क्यांच्या आसपास. सगळ्यांचा अंदाज चुकला. जागा बदलली, ताण बदलला, सोबतची माणसं बदलली, सहज मिळणारा पुरवठा बंद झाला आणि बहुतेकांची सवयही सुटली. आपल्याकडचा मुलगा मात्र केंद्रातून थेट त्याच चौकात, त्याच कट्ट्यावर, त्याच बेकारीत परततो. पुडी देणारा मित्र स्टेशनवरच भेटतो. मेंदूने जुन्या जागा, जुने वास, पगाराची तारीख, सगळं त्या नशेशी जोडून ठेवलेलं असतं. नुसता तो कोपरा दिसला तरी तल्लफ उसळते.

म्हणून पुष्कळ जण घसरतात. केंद्रांच्या भाषेत ‘स्लिप’ होतात. उपचार घेतलेल्यांपैकी साधारण ४० ते ६० टक्के जण कधी ना कधी परत वळतात, असं व्यसनांवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या राष्ट्रीय संस्थेची आकडेवारी सांगते. हे प्रमाण दम्याच्या किंवा उच्च रक्तदाबाच्या रुग्णांनी पथ्य मोडून पुन्हा आजारी पडण्याच्या प्रमाणाजवळचं आहे. रक्तदाब पुन्हा वाढला म्हणून त्या माणसाला कुणी घराबाहेर काढत नाही. स्लिप झालेल्याला मात्र ‘तुझ्यावर पैसे वाया गेले’ हे ऐकवलं जातं, आणि तो मग लपवतो. लपवल्यामुळे एका दिवसाची स्लिप तीन महिन्यांची होते.

घरच्यांच्या या हतबलतेवर काहींनी धंदा मांडला आहे. रात्री गाडी पाठवून मुलाला उचलून न्यायचं, सहा-सहा महिने कोंडायचं, मारहाण करायची, भेटू द्यायचं नाही, अशा बिनपरवाना ‘केंद्रां’च्या बातम्या देशभरातून येत असतात, त्यात मृत्यूच्याही असतात. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक स्थिती मानसिक आजारात धरल्या आहेत. रुग्णाला साखळीने बांधायला त्या कायद्याने मनाई आहे. केंद्र निवडताना नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ प्रत्यक्ष येतात का, घरच्यांना भेटू देतात का, आणि सोडल्यानंतरचा पाठपुरावा कसा आहे, एवढं विचारलं तरी बरंच कळतं. जिथे या प्रश्नांनी समोरचा चिडतो, तिथून उठावं.

कायद्याचा आणखी एक भाग लोकांना जवळजवळ माहीतच नाही. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात सेवन करणं हाही गुन्हा आहे. पदार्थानुसार सहा महिने ते एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. या भीतीने आईबाप सरकारी दवाखान्याची पायरी चढत नाहीत. पण त्याच कायद्यात ६४-अ हे कलम आहे. केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातल्या मालाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडला तर हे संरक्षण काढून घेता येतं. एकोणीस वर्षांच्या मुलाला पकडल्यावर पहिल्याच दिवशी हे कलम त्याला आणि त्याच्या बापाला समजावून सांगणारा कुणीतरी पोलीस ठाण्यात असायला हवा. छाप्यांचे फोटो छापणाऱ्या वर्तमानपत्रांनाही ते अधूनमधून छापता येईल.

२०१९च्या त्याच अहवालात एक आकडा असा आहे की तो वाचून राग यावा. दारूच्या आहारी गेलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळाले होते. दाखल होऊन उपचार घेणारा १८०मध्ये एक. उरलेले काय करतात? काही गळ्यात माळ घालतात, पंढरीच्या वारीला जातात, आणि काहींची दारू त्या आधाराने खरोखर सुटते. काही जाहिरातीतलं ‘न सांगता दारू सोडवा’ हे चूर्ण आमटीत कालवतात. अशा काही भुकट्यांमध्ये डायसल्फिराम असू शकतं. डॉक्टरांच्या नजरेखाली, रुग्णाला सांगून द्यायचं ते औषध आहे. न सांगता दिलं आणि माणूस वर दारू प्यायला तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. आणि बरेच जण काहीच करत नाहीत, यकृत बोलेपर्यंत थांबतात.

मदत मागायला रुग्ण तयार होण्याची वाट बघायची गरज नसते. केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची मोफत दूरध्वनी सेवा आहे, मानसिक आरोग्यासाठी १४४१६ वर ‘टेलिमानस’ आहे, आणि फोन आईने, बहिणीने, शेजाऱ्याने केला तरी चालतो. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या मानसोपचार विभागात बाह्यरुग्ण सेवा मिळते. सुईने नशा करणाऱ्यांसाठी एड्स नियंत्रण कार्यक्रमातून पर्यायी औषध देणारी केंद्रं चालतात. मुंबईत ‘संकल्प’सारखी संस्था १९९५ पासून रस्त्यावरच्या अशा तरुणांसोबत काम करते आहे, तर १९८१ पासून ‘कृपा फाउंडेशन’ वांद्र्यापासून वसईपर्यंत. पहिल्या भेटीला घरच्यांनी एकट्याने गेलं तरी समुपदेशक भेटतात. काय घेतो, किती दिवसांपासून, झोप कशी आहे, कधी फिट आली होती का, आत्महत्येबद्दल बोलतो का, एवढं कागदावर लिहून नेलं तर त्या पहिल्याच तासात बरंच काही ठरवता येतं: घरी राहून उपचार चालतील की दाखल करावं लागेल, उधारी कोणती फेडायची आणि कोणती नाही, आणि आज रात्री तो दारात नशेत उभा राहिला तर त्याच्याशी काय बोलायचं.